सपाटगालीच्या डाव्या कुशीची मोहीम

मासा नेहमी डावीकडे तोंड करून निजवावा.

सात नंबरच्या कपाटाची किल्ली चार नंबरच्या खिळ्यावर. कारण विचारू नये.

डोळ्याखालचे तिसरे हाड, त्यावर मोहरीएवढे टेंगूळ.

"मांस बघून सोयरीक ठरवायची, तर खाटीक सगळ्यांचा मामा लागेल." हे वाक्य जेवणाच्या टेबलावर बोलले गेले. बोलणाऱ्याने नंतर नाकारले.

डबा न उघडता घरी परत. तीन दिवस.

क्ष-किरणांत हाडे दिसतात. मांस दिसत नाही.

शुक्रवार, दुपारचे चार.

*

वरील तुकडे निरनिराळ्या ठिकाणी मिळाले, एक चहाच्या डागाखाली, एक बरणीच्या झाकणावर, एक कोणाच्या तळहातावर निळ्या शाईत. त्यांची जुळवाजुळव करोन, आणि ज्यांनी प्रसंग डोळ्यांनी पाहिला त्यांच्या जबान्या घेऊन, आणि दोन जबान्या जेथे जुळेनात तेथे जी अधिक रंगतदार ती खरी मानून, मत्स्यसंग्रहाच्या तिसऱ्या मजल्यावर पाच दिवस जी थोर मोहीम जाहली तिची हकीकत यथास्थित लिहिली आहे. वाचणाराने नाकाला रुमाल लावावा. स्पिरिटाचा वास कागदास लागला आहे, तो जात नाही.

प्रथम राज्याची व्यवस्था. राज्य म्हणावे तर एक लांबोडी खोली, तीत अकरा लोखंडी कपाटे, कपाटांत नऊ हजारांवर बरण्या, आणि बरण्यांत मासे, स्पिरिटात सुखरूप, ज्यांस ना भूक ना बढतीची चिंता. एका कपाटात बसले ते एकमेकांचे भाऊबंद, शेजारच्या कपाटात बसले ते दूरचे सोयरे, आणि खोलीच्या पार टोकास बसले त्यांच्याशी बोलणेसुद्धा नाही. या सर्वांचे किल्लेदार बरणीकाका, सदतीस वर्षे एकाच स्टुलावर तैनात, ज्यांच्या हुकुमावाचून झाकण हलत नसे, आणि जे कोणत्या बरणीत स्पिरिट उणे आहे हे दारातून वास घेऊन सांगत.

आता नाते ठरविण्याची रीत. रंग पाहू नये, कारण रंग स्पिरिटात उडतो. आकार पाहू नये, कारण चिखलात राहणारे सगळेच कालांतराने चपटे होतात, जैसे कचेरीत बसणारे सगळेच पोटाकडून गोल होतात, तेवढ्याने ते भाऊ ठरत नाहीत. पाहावीत ती हाडे, आणि हाडांस ओढणारे स्नायू, कारण घराण्याची खूण आत लपलेली असते. येथवर सर्वांचे एकमत होते. पुढे दोन फळ्या.

पहिली फळी हाडांची. तिचे धनी श्रीमंत सकळ-अस्थि-विशारद, मणकेमोजणी-बहाद्दर, विभागप्रमुख थोरले सर, ज्यांनी बावीस वर्षांपूर्वी या सर्व कपाटांची फेरवाटणी केली आणि ज्यांच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या अद्याप बरण्या-बरण्यांतून डुलत होत्या. दुसऱ्या फळीत एकच असामी, ती अखंड-चिमटा-धारी, उजव्या भुवईवर भिंगाचा वण मिरविणारी, पदवी अद्याप अप्राप्त, संशोधक चिमटाबाई. अंबाड्यात त्या दोन चिमटे खोवीत, म्हणोन हे नाव. थोरले सर त्यांचे मार्गदर्शकही होते, यास्तव युद्ध फार अदबीने चाले.

वाद तीन माशांचा. पहिली गालकाटी आणि दुसरी ढालगाली, या दोघींच्या डोळ्याखालून गालावर हाडाची एक आडवी पट्टी जाते, जैसा दाराला अडसर, म्हणोन त्या तीन नंबरच्या कपाटात शेजारी नांदत. तिसरी सपाटगाली. तिच्या गालावर पट्टी नाही. म्हणोन थोरल्या सरांनी तिला सात नंबरच्या कपाटात परक्यांमध्ये रवाना केले, आणि निवाडा जाहला, आणि बावीस वर्षे कोणी ब्र काढला नाही.

चिमटाबाईंनी काढला. त्यांचे म्हणणे ऐसे की पट्टी होती, ती पुढे झिजोन गेली, डोळ्याखालच्या तिसऱ्या हाडावर टेंगूळ आहे तेवढीच तिची निशाणी राहिली. सर म्हणाले, एवढे टेंगूळ कोणालाही असते. मग बाईंनी स्नायू पुढे केला. या घराण्यात कवटीच्या मागून निघोन, खांद्याच्या हाडाखालून जाऊन, सुतासारख्या तीन दोऱ्या होऊन मणक्यांना बांधलेला असा एक स्नायू असतो, आणि तो आवळला म्हणजे पोटातली हवेची पिशवी थरथरते आणि मासा कुरकुरतो. अकरा गालकाट्या आणि चौदा ढालगाल्या कापोन बाईंनी तो पाहिला, पंचवीसांपैकी पंचवीसांत दोऱ्या तीन. परक्या कपाटांतले साठ मासे पाहिले, त्यांत तीन दोऱ्या एकातही नाहीत. सपाटगालीत त्या निघाल्या तर ती गालकाटीची सख्खी बहीण. न निघाल्या तर बाईंची सहा वर्षे स्पिरिटात.

आणि सपाटगाली साऱ्या संग्रहात एक. खोल पाण्यातून एकदाच वर आली, पुन्हा कोणाच्या जाळ्यास गवसली नाही.

*

सोमवार. बाहेरगावच्या परीक्षकांचा खलिता येऊन थडकला. मजकूर थोडका होता, की तिसऱ्या माशाचा स्नायू दाखवावा, अथवा त्याचे प्रकरण प्रबंधातून काढावे. प्रबंधातून ते प्रकरण काढल्यावर मुखपृष्ठ, ऋणनिर्देश आणि संदर्भसूची एवढेच उरत होते. मुदत दोनदा वाढवोन जाहली होती, तिसऱ्यांदा वाढत नाही ऐसा नियम. शुक्रवारी चार वाजता समितीची सभा. तोवर स्नायू न दिसला तर नोंदणी रद्द आणि चिमटाबाईंनी चिमटे घेऊन घरी जावे.

मंगळवार. बाई थोरल्या सरांच्या खोलीत हजर जाहल्या आणि सपाटगाली कापण्याची परवानगी मागितली. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि फर्माविले की एकुलता एक नग कापणे म्हणजे पुस्तक वाचण्यासाठी जाळणे. मोठ्या यंत्राने आतले चित्र काढावे म्हटले, तर शेजारच्या संस्थेतले यंत्र पुढील वर्षापर्यंत गुंतलेले. दोन तास मसलत चालली, आणि चहा दोनदा आला, आणि अखेर तह जाहला तो येणेप्रमाणे:

कापावे ते उजव्या बाजूसच. डाव्या बाजूस सुरी, सुई, टाचणी काही लागता नये.

(येथे तहाचे कारण लिहिणे प्राप्त आहे. मत्स्यशास्त्राच्या दरबारात मासा डावीकडे तोंड करूनच निजतो, चित्र काढतात ते डाव्या बाजूचे, फोटो तो डाव्या बाजूचा, म्हणोन डावी बाजू हा त्याचा चेहरा. सगळी चिरफाड उजवीकडे, जेथे पाहुणे बघत नाहीत. ही चाल न मोडणे यास या लोकांत कुलीनता म्हणतात.)

चीर अंगठ्याच्या नखाहून लांब नसावी.

साक्षीस बरणीकाका.

चौथे कलम चहाखाली गेले.

बुधवार. प्रातःकाळी साडेनवास काकांनी चार नंबरच्या खिळ्यावरून सात नंबरची किल्ली घेतली आणि बरणी दोन्ही हातांनी वाहून मेजावर आणली, जैसी मानाची पालखी. झाकण उघडले. सपाटगाली ताटात निजवली, वीतभर लांब, डावीकडे तोंड, मुद्रा नाराज. मग बाईंनी श्वास रोखला आणि तिला उलटी केली, आणि उलटी करताच हातातला चिमटा खाली पडला.

उजवी कूस आधीच उघडलेली होती. कल्ल्यामागून शेपटीकडे सरळ रेषेत कातडीचे दार पाडलेले, बंद करून दोऱ्याने तीन ठिकाणी नीटस बांधलेले. बाईंनी दोरा सोडला आणि दार वर केले. आत मणके लखलखीत, फासळ्या लखलखीत, खांद्याचे हाड धुतल्यासारखे, आणि स्नायू म्हणावा तर एक धागा नाही. कोणी महापराक्रमी पुरुष येऊन सारे मांस खरवडोन गेला होता.

काकांनी नोंदवही काढली आणि पाने उलटली आणि बोट एका ओळीवर थांबले, आणि मग ते बोट त्यांनी उचलून खिशात घातले. बाईंनी वही ओढोन घेतली. तारीख बावीस वर्षांपूर्वीची. सही थोरल्या सरांची.

सरांना वर्दी गेली. ते आले आणि ताटाजवळ उभे राहिले.

"मीच काढलं," सर म्हणाले. "मणके मोजायचे होते. मांस मध्ये येत होतं."

"कुठे ठेवलंत सर?"

"ठेवतं कोण गं? मांसच ते."

ऐसी चूक खाटकाच्या हातून होत नाही, आचाऱ्याच्या हातून होत नाही, ती फक्त हाडांवर जीव जडलेल्याच्याच हातून होते. कोरून कोरून हाड स्वच्छ करावे आणि ज्याने ते हाड चालते ते केरात टाकावे. सरांनाही हे त्याच क्षणी उमगले असावे, कारण ते खुर्ची जवळ असता उभेच राहिले.

बाईंनी हळूच विनंती केली की आता डावी बाजू शिल्लक आहे. सरांनी मान हलविली. हा हट्ट नव्हे, त्यांस खरोखर ते जमत नव्हते.

"नाही. एक बाजू मी घालवली. दुसरी तू घालवायची नाहीस."

मग मासा बरणीत, बरणी कपाटात, किल्ली चार नंबरच्या खिळ्यावर.

*

(गुरुवारच्या पानाचा वरचा अर्धा भाग कोरा आहे. त्या दिवशी दुपारपर्यंत बाईंनी काही लिहिले नाही. खिडकीशी उभे राहोन रस्त्यावर मोटारी मागे घेणाऱ्यांचे निरीक्षण केले, आणि दुसऱ्या नोकरीच्या तीन जाहिराती वाचल्या, त्यांपैकी एक शीतगृहाच्या व्यवस्थापकाची होती.)

दुपारी अडीचास मातोश्रींचा फोन आला, आणि या खेपेस बाईंनी तो उचलला. मातोश्री शिवणकाम करीत. घरातल्या पुढच्या खोलीत त्यांची दोन यंत्रे, एक साधे आणि एक काजे-बटणांचे, आणि भिंतीवर दुरुस्तीस आलेले लोकांचे कपडे. बोलताना पाय यंत्रावरून उतरत नसे, म्हणोन त्यांचे सारे संभाषण खडखडाटाच्या साथीने होई.

प्रथम त्यांनी तक्रार गुदरली की डबा न उघडता परत येतो, की कपड्यांना येणाऱ्या वासाने गिऱ्हाईक विचारू लागले आहे, आणि की मुलगी मेलेल्या माशांची नाती लावीत बसते आणि जिवंत मावशीचा फोन उचलत नाही. मग पलीकडून काहीच उत्तर येईना, तेव्हा यंत्र थांबले. यंत्र थांबले म्हणजे प्रकरण गंभीर, हे घरात सर्वांस ठाऊक.

"काय झालं गं?"

बाईंनी सांगितले. उजवी बाजू रिकामी, डाव्या बाजूस हात लावायचा नाही, पाहिजे ती वस्तू डाव्या बाजूच्या आत, उद्या चार वाजता सर्व समाप्त. मातोश्रींस मासा, मणका, परीक्षक यांतले काही कळले नाही. बाजू तेवढ्या कळल्या.

"उजवीकडून उघडंच आहे ना ते?"

"हो गं, पण तिकडे काही नाहीये."

"अगं मग तिकडूनच हात घाल की. कोटाच्या डाव्या छातीचं आतलं कापड बदलायचं असलं तर मी काय छाती फाडते? अस्तर उसवते, आतून शिरते, काम करते, बाहेर येते. बाहेरून बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. इतकी शिकलीस आणि हे सुचलं नाही होय?"

जबानीनुसार यानंतर बाईंनी नोकरीची जाहिरात उलटी करून तिच्या पाठीवर एक बाण काढला, आणि मग म्हणाल्या, "आई, मी नंतर करते फोन," आणि मातोश्रींनी यंत्र सुरू केले.

तासाभरात बाई पुन्हा थोरल्या सरांपुढे उभ्या होत्या. कागदावर माशाचा आडवा छेद काढलेला, मध्ये मणका, दोहोंकडे फासळ्या, आणि उजव्या दारातून शिरोन, हवेची पिशवी बाजूस सारोन, मणक्याच्या खालून पलीकडे जाणारा एक बाण. डाव्या कातडीस बाण कोठेही शिवत नव्हता. सरांनी तो बाण पुष्कळ वेळ पाहिला. तहनामा काढून वाचला. कलम मोडत नव्हते, चीर नवी लागतच नव्हती.

"खालची नस तुटली तर सगळं गढूळ होईल," ते म्हणाले, आणि मग, जरा थांबोन, "हे तुला कोणी सुचवलं?"

बाईंनी सांगितले, शिवणकामातल्या एका तज्ज्ञांनी.

*

शुक्रवार, सकाळचे दहा. सैन्याची मांडणी ऐसी: मध्यभागी सपाटगाली, उलटी. उजव्या अंगास चिमटाबाई, दोन चिमटे, एक सुई, एक केसाएवढी कात्री. डाव्या अंगास बरणीकाका, दिवा धरून. पिछाडीस कोणी नाही.

प्रथम दोरा सोडला. मग दार वर केले. मग आतडी ओल्या कापसाने अलगद उचलोन बाजूस केली, आणि हवेची पिशवी पुढे आली, वाळलेल्या द्राक्षासारखी सुरकुतलेली, आणि येथे तिसरा हात पाहिजे जाहला. पिशवी धरावी तर सुई कोण चालविणार, सुई चालवावी तर पिशवी खाली येते. काकांनी दिवा धरला होता आणि त्यांचा दुसरा हात संधिवाताचा. घड्याळात पावणेअकरा, मग अकरा, मग सव्वाअकरा, आणि पिशवी अकरा वेळा घसरली.

दारात कोणी उभे होते, कधीपासून ते माहीत नाही. थोरले सर आत आले, बाह्या वर केल्या, हातमोजे घातले, आणि पिशवी चिमट्यात धरली. हात किंचितही हलला नाही. हाडवाल्यांचा हात ऐसाच असतो.

मग बाई मणक्याखालून पलीकडे शिरल्या. पातळ पडदा सुईने बाजूस केला, आणि चरबीचा एक थर, आणि पुन्हा पडदा. आणि मग कवटीच्या मागून येणारी, खांद्याच्या हाडाखालून सरकणारी, स्पिरिटाने फिकी पडलेली, मांसाची एक पट्टी दिसो लागली. ती पुढे निमुळती होत गेली, आणि दोरी जाहली, आणि मणक्यास जाऊन बांधली गेली. एक. सुई पुढे गेली. दुसरी दोरी, पुढच्या मणक्यास. दोन.

तिसरी नाही.

बाईंनी भिंग बदलले. नाही. काकांनी दिवा वाकडा केला, सरळ केला. नाही. दोन दोऱ्या म्हणजे काहीच नव्हे, ना सख्खी ना परकी, समितीस हसावयास पुरेल इतकेच. बाई मागे सरकल्या आणि चिमटे ताटाच्या कडेस ठेवले, आणि भिंगाच्या वणावर हात दाबून धरला.

सरांनी मान खाली घातली आणि चष्मा नाकावरून घसरून ताटाशेजारी पडला. तो उचलावयास त्यांचे हात मोकळे नव्हते. मग ते तसेच चष्म्यावाचून वाकले, जैसे सारे मायनस-आठ नंबरवाले वाकतात, ज्यांस चष्म्यावाचून नाकापुढचेच काय ते लख्ख दिसते, नाक माशास लागेल इतके, आणि त्यांचा श्वास शेजारच्या रिकाम्या बरणीच्या काचेवर उमटला. ऐसा बराच काळ गेला. काका म्हणतात दोन मिनिटे, बाई म्हणतात पंधरा.

त्या क्षणी सर गप्प राहिले असते तर त्यांची बावीस वर्षांची वाटणी शाबूत राहात होती, आणि कोणास कधी कळले नसते, कारण तितक्या जवळून दुसऱ्या कोणास दिसत नव्हते. हे बखरकाराने नोंदणे अवश्य आहे.

"अजून एक आहे," सर म्हणाले. "दुसरीच्या खाली चिकटलीय. माझ्या नाकाच्या रेषेत सुई आण. हळू. हळू गं. हां. उचल आता."

बाईंनी उचलली. सुतासारखी, पांढरी, ताणलेली, तिसऱ्या मणक्यास घट्ट बांधलेली.

काकांनी दिवा खाली ठेवला आणि सरांचा चष्मा आपल्या सदऱ्यास पुसून त्यांच्या नाकावर बसवला. सदतीस वर्षांत त्यांनी साहेबांस हात लावल्याचा हा पहिला प्रसंग.

मग फोटो काढले, आणि चित्र काढले, आणि आतडी जागेवर, पिशवी जागेवर, दार बंद, दोरा तीन ठिकाणी. मासा फिरवून डावीकडे तोंड करून निजवला. डावी बाजू जैसी होती तैसी, एक खवला हलला नाही.

चार वाजता सभा भरली. तिचे वर्णन करण्याचे कारण नाही, कारण सभेत वाक्ये पुष्कळ आणि घटना एक जाहली. बाहेरगावच्या परीक्षकांनी पृच्छा केली की ही तिसरी दोरी इतकी बारीक, ती खरोखर आहे याची खात्री कोण देतो. थोरले सर उठोन उभे राहिले.

"मी देतो. आणि कपाट सातचा निर्णय माझा होता, तो चुकला. तोही लिहून घ्या."

*

येणेप्रमाणे नोंद:

सदर शुक्रवारी, सायंकाळी पाच वाजून वीस मिनिटांनी, बरणीकाका किल्लेदार यांनी सपाटगालीची बरणी सात नंबरच्या कपाटातून काढून, संपूर्ण खोली पार करोन, तीन नंबरच्या कपाटात गालकाटी आणि ढालगाली यांच्या मध्ये स्थापन केली. जागा करण्यासाठी दोघींस थोडे थोडे सरकावे लागले. नवी चिठ्ठी थोरल्या सरांनी स्वहस्ते लिहिली, पेन्सिलीने, कारण स्पिरिटात शाई टिकत नाही, आणि "कोणी ठरविले" या रकान्यात चिमटाबाईंचे नाव घातले. जुनी चिठ्ठी येथल्या शिरस्त्याप्रमाणे फेकली नाही, नव्या चिठ्ठीच्या मागे बरणीतच राहू दिली, की पुढे येणाऱ्यास दोन्ही वाचता याव्यात. चिमटाबाईंचा प्रबंध मान्य. डबा त्या दिवशी उघडला, संध्याकाळी सहास, तिघांत. मोहीम फत्ते. डावी कूस सलामत.

सत्तावीस वर्षांपूर्वी जाळे वर ओढले तेव्हा जहाजावरच्या आचाऱ्याने ही मासळी प्रथम उचलली, आणि ती त्याच्या हातात कुरकुरली.